पाळीव प्राण्यांचे पुनर्वसन

हरवलेल्या, मालकाने सोडून दिलेल्या किंवा बेवारशी सापडलेल्या पाळीव प्राण्यास काही काळ आसरा देऊन पुढे एखाद्या कुटुंबात कायमचे घर मिळवून देण्याची व्यवस्था. कुत्रा व मांजर ह्या दोन प्राण्यांच्या संदर्भात ती विशेष विकसित झाली आहे. तिची प्रमुख अंगे दोन आहेत : अल्प शुल्क घेऊन वा विनामूल्य प्राणी दत्तक देणे आणि प्राण्याच्या वर्तनासंबंधी मालकास मोफत सल्ला देणे. पहिल्यामुळे प्राणी आश्रयगृहातून बाहेर पडतो; दुसऱ्यामुळे तो पुन्हा तेथे येत नाही. ही दोन्ही अंगे आज पुष्कळ संस्थांत एकत्र आढळत असली, तरी त्यांचा उगम एकाच काळी झालेला नाही. दत्तक देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, तर वर्तन-सल्ल्याचे महत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरीस पटले. मधल्या काळात आसऱ्यास आलेल्या असंख्य प्राण्यांचा शेवट मृत्यूतच झाला.

पूर्वपीठिका : मोकाट जनावरे पकडून ठेवण्यासाठी गावोगावी कोंडवाडे असत. दंड भरून मालक आपले जनावर सोडवून नेई. गाय किंवा घोडा ह्यांस बाजारात मोल असल्याने ही पद्धत त्यांच्या बाबतीत उपयोगी पडे. भटक्या कुत्र्यास असे मोल नव्हते. त्यातच अलर्क रोगाच्या (पिसाळ रोगाच्या) भीतीमुळे नगरप्रशासनांचा कल कुत्री मारण्याकडे राहिला. न्यूयॉर्क शहरात एकोणिसाव्या शतकात पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात घालून ईस्ट नदीत बुडवीत असत.

मुंबईत ह्याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये तेथे दंगा उसळला व शहराचे व्यवहार थंडावले. ह्यात पारशी समाज अग्रभागी होता. जरथुश्त्री धर्मात कुत्र्यास मानाचे स्थान असून मृतदेहास कुत्र्याचे दर्शन घडविण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्या समाजात आहे. जैन व हिंदू व्यापारीही विरोधात सामील झाले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) व इतर धनिकांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला आणि कुत्र्यांना तेथे आसरा मिळू लागला. पांजरपोळात प्राणी मारला जात नसे. परंतु तो कोणाच्या घरी द्यावा, अशीही कल्पना नव्हती. आलेल्या प्राण्याचा अखेरपर्यंत सांभाळ करणे हाच तेथील धर्म होता.

पहिली आश्रयगृहे : प्राण्यास घर शोधून द्यावे, हा विचार प्रथम लंडनमध्ये संस्थारूपास आला. मेरी टील्बी (मृ. १८६५) ह्या महिलेने १८६० मध्ये शहराच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते आश्रयगृह उघडले. माणसे उपाशी असता कुत्र्यांची कसली काळजी, अशी त्याची वृत्तपत्रांतून टवाळी झाली. मात्र चार्ल्स डिकन्स ह्यांच्या नियतकालिकात १८६२ मध्ये आलेल्या एका लेखाने त्यास सहानुभूती मिळवून दिली. १८६७ च्या कायद्यान्वये लंडनच्या पोलिसांना बेवारशी कुत्री ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ती कुत्री ह्या आश्रयगृहाकडे येऊ लागली. १८७१ मध्ये ते बॅटरसी येथे हलविण्यात आले व १८८३ पासून तेथे मांजरेही ठेवून घेण्यात येऊ लागली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅरोलाइन अर्ल व्हाइट (१८३३–१९१६) ह्यांनी फिलाडेल्फिया येथे असेच कार्य केले. पेनसिल्व्हेनियातील प्राणिनिर्दयताप्रतिबंधक संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा असूनही स्त्री म्हणून संचालक मंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी १८६९ मध्ये संस्थेची महिला शाखा काढली. ह्या शाखेने भटक्या कुत्र्यांसाठी चालविलेले आश्रयगृह हे त्या देशातील पहिले मानले जाते.

आसऱ्यातील पेच : ह्या संस्थांची कीर्ती वाढली तशी आवकही वाढली. मागणीपेक्षा प्राणी नेहमीच अधिक असत. बॅटरसी येथे १८८४ मध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन ह्या वैद्याने तयार केलेली वायुकोठी बसविण्यात आली. नको असलेल्या कुत्र्यांना वेदना न होता मरण यावे, हा तिचा हेतू होता. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग (१८१३–८८) ह्यांनी १८६६ मध्ये स्थापिलेल्या प्राणिनिर्दयताप्रतिबंधक संस्थेने १८९४ मध्ये शहराची भटकी कुत्री पकडण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि ते सु. शंभर वर्षे चालविले. क्रौर्य कमी झाले. मृत्यू मात्र टळला नाही. दयेसाठी निघालेल्या संस्थांच्याच हातून प्राण्यांचा संहार व्हावा, हा ह्या इतिहासातील सर्वांत बोचरा विरोधाभास होय.

त्यावरील पहिला उपाय संख्यानियंत्रणाचा होता. लॉस अँजेल्स नगरपालिकेने १९७१ मध्ये अल्प दरात निर्बीजीकरण करून देणारे चिकित्सालय उघडले व अन्य शहरांनी त्याचे अनुकरण केले. दुसरा उपाय दत्तक देण्याच्या पद्धतीत बदल करण्याचा. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९८० मध्ये एका मृत महिलेने मृत्युपत्रात आपली कुत्री मारून टाकावी, असे लिहून ठेवले होते. ‘सिडो’ नावाची ती कुत्री तेथील प्राणिनिर्दयताप्रतिबंधक संस्थेच्या ताब्यात होती. संस्थेचे प्रमुख रिचर्ड अव्हान्झिनो ह्यांनी तिला मारण्यास नकार दिला, न्यायालयात लढा दिला व तो जिंकला. एका सिडोसाठी जे करता आले, ते इतरांसाठी का करू नये, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. १९९४ मध्ये ह्या संस्थेने शहरप्रशासनाशी करार केला. दत्तक देण्याजोग्या प्रत्येक कुत्र्यामांजरास घर मिळवून देण्याची हमी त्यात होती. मात्र ‘दत्तक देण्याजोगा’ म्हणजे कोण, हे ठरविताना प्रकृतीबरोबर प्राण्याचे वर्तनही पाहावे लागे.

वर्तनाचा विचार : कुत्र्याचे वर्तन घडते कसे, ह्याचे शास्त्रीय ज्ञान तोपर्यंत बरेच जमले होते. इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) ह्यांचे अभिसंधानाचे प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्यांनी मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत अनेक वर्षे पिलांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. सु. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिलाचा माणसांशी व भोवतालाशी परिचय न झाल्यास ते पुढे भित्रे होते, असे त्यांना आढळले. भित्रा कुत्रा पुष्कळदा चावरा ठरतो. त्यामुळे मालक ज्यास दुष्टपणा किंवा हट्ट म्हणतो, तो अनेकदा भीतीचा आविष्कार असतो, हे स्पष्ट झाले.

१९९० नंतर अमेरिकेत झालेल्या पाहण्यांत प्राणी सोडून देण्याच्या कारणांची नोंद घेण्यात आली. घर बदलणे, घरमालकाची हरकत व खर्च ह्यांच्या जोडीने घरात घाण करणे, नासधूस, भुंकणे व चावणे ही कारणे वारंवार आढळली. ह्यांपैकी पुष्कळ दोष वेळीच मार्गदर्शन मिळाल्यास सुधारण्याजोगे होते. म्हणून काही आश्रयगृहांनी दत्तक दिल्यानंतरही कुटुंबाशी संबंध ठेवण्यास प्रारंभ केला. डेन्व्हर येथे १९१० मध्ये ‘डम फ्रेंड्स लीग’ नावाने स्थापन झालेल्या संस्थेची दूरध्वनीवरील मोफत वर्तन-सल्ला सेवा हे त्याचे एक परिचित उदाहरण आहे.

अशा सल्ल्याची रीत साधी असते. दोष केव्हा, कोठे व कशानंतर दिसतो, हे प्रथम विचारले जाते. नंतर प्रकृतीची तपासणी सुचविली जाते. कारण मातीच्या पेटीबाहेर मूत्रविसर्जन करणाऱ्या मांजरास मूत्रमार्गाचा विकार असू शकतो. विकार नसल्यास पेटीची जागा, स्वच्छता व संख्या ह्यांचा विचार होतो. एकटे ठेवल्यावर घबराटीने दार कुरतडणाऱ्या कुत्र्यास शिक्षा केल्याने भीती वाढते. त्याऐवजी क्षणभराच्या एकटेपणापासून आरंभ करून अवधी हळूहळू वाढवितात. चांगल्या वर्तनास बक्षीस द्यावे, हे ह्या पद्धतीचे मूलतत्त्व होय. गंभीर आक्रमकतेच्या बाबतीत मात्र पशुवैद्यकीय वर्तनतज्ञाकडे जाणे आवश्यक ठरते. अमेरिकेत ह्या विशेषज्ञतेस १९९३ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली.

शुल्काचा प्रश्न : फुकट मिळालेल्या प्राण्याची किंमत राहत नाही, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती व त्यामुळे शुल्क माफ करण्यास संस्था कचरत. एमिली वाइस व शॅनन ग्रॅमन ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुल्क देऊन व विनामूल्य मांजर घेतलेल्या कुटुंबांची तुलना केली; मांजराविषयीच्या जिव्हाळ्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतर सवलतीच्या व मोफत दत्तक-योजनांना बळ मिळाले. निर्बीजीकरण, दत्तक व सल्ला ह्यांच्या एकत्रित परिणामामुळे अमेरिकेतील आश्रयगृहांत मारल्या जाणाऱ्या कुत्र्यामांजरांची संख्या घटत गेली. न्यूयॉर्कच्या उपर्युक्त संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ती २०११ मध्ये वर्षाला सु. २६ लाख, तर २०१९ मध्ये सु. ९ लाख २० हजार होती.

भारतातील स्थिती : भारतात प्रश्नाचे स्वरूप भिन्न आहे. येथील बहुसंख्य बेवारशी कुत्री घरातून टाकलेली नसून रस्त्यावरच जन्मलेली असतात. मद्रास (चेन्नई) येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला. मुंबई महानगरपालिकेनेही १९९४ पासून कुत्री मारण्याऐवजी हा मार्ग पतकरला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्यास मूळ जागी सोडण्याची पद्धत देशभर लागू केली. त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. मुंबई, पुणे आदी शहरांतील संस्था देशी पिले विनामूल्य दत्तक देतात; विकत घेतलेल्या विदेशी जातींच्या ओढीमुळे त्यांना घरे मिळणे अनेकदा कठीण जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतील कुत्र्यांविषयीच्या आदेशात दत्तकाची तरतूद केली आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. त्याच आदेशात मूळ जागी परत सोडण्याच्या पद्धतीतून अलर्क रोगाची लागण वा शंका असलेली व आक्रमक वर्तनाची कुत्री वगळण्यात आली. म्हणजे कुत्र्याने मोकळे राहावे की कोंडून, हे येथेही त्याच्या वर्तनावरून ठरू लागले. ते वर्तन पारखणारी व सुधारणारी माणसे ह्या कामी लागतात. घर शोधून देणे हा पुनर्वसनाचा आरंभ असतो. त्या घरात प्राणी टिकला म्हणजे ते पूर्ण होते.