आपलं गाणं कुणी लिहायचं?

मंडळी, रॉक संगीताविषयी बोलायला रायगडच्या किनाऱ्यावरचा माणूस कशाला, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. आमच्याकडे गाणं म्हटलं की कोळीगीत, भजन, नाही तर हळदीच्या मांडवातला बेंजो. तरीही आज मला मुंबईतल्या एका रॉक बँडची गोष्ट सांगायची आहे. आधी त्याचं नाव ‘रॉक मशीन’ होतं, पुढे ‘इंडस क्रीड’ झालं. आमच्या बंदरावरून लाँचने तास-दीड तासावर असलेल्या शहरात या मुलांनी एका प्रश्नाला हात घातला. तो प्रश्न आमच्या मांडवातही आहे. वाजवणाऱ्याने दुसऱ्याची गाणी किती दिवस वाजवायची?

मुंबईला पाश्चात्त्य संगीत नवं नव्हतं. गोव्याहून आलेले वादक इथल्या हॉटेलांतून जाझ वाजवत आणि त्यांच्यातलेच अनेक जण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात असत. साठ-सत्तरच्या दशकांत गिटार घेतलेली कॉलेजची मुलं दिसू लागली. ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा त्या काळी गाजली. तिच्यात निवडल्या गेलेल्या बँडच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. पण एरवी कॉलेजच्या कार्यक्रमांत मागणी असे ती परदेशी गाण्यांना. डीप पर्पल किंवा लेड झेपलिनचं गाणं जो हुबेहूब वाजवेल तो बँड मोठा, असा हिशेब होता. स्वतःचं गाणं म्हणणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघत.

या सगळ्याचं हक्काचं ठिकाण म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे खुलं नाट्यगृह. १९७८ साली ‘जाझ यात्रा’ महोत्सव इथेच सुरू झाला आणि १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळावा सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला होणारा हा मेळावा पुढे ‘आय-रॉक’ या नावाने देशभरातल्या तरुणांना ठाऊक झाला. मी मुंबईत शिकायला होतो तेव्हा तिथे गेलो आहे. आवाज कानावर नव्हे, छातीवर येऊन आदळायचा. आमच्या गावच्या बेंजो पार्टीत मी काही वर्षं ताशा वाजवला होता, त्यामुळे आवाजाची भीती नव्हती. नवल वाटलं ते हे, की मंचावरची मुलं आपल्याच देशातली, आपल्याच वयाची आणि काही गाणी चक्क त्यांनीच लिहिलेली.

‘रॉक मशीन’ १९८४ साली मुंबईत उभा राहिला. त्याच्या गाजलेल्या संचातली नावं बघा. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझेस. आडनावांवरूनच कळेल, की मुंबईतल्या चार-पाच समाजांतली मुलं एका मंचावर आली होती. सुरुवातीला हेही इतरांसारखे परदेशी गाणीच वाजवत. पण १९८८ साली त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम निघाला, तो सगळा स्वतःच्या गाण्यांचा. आज घरबसल्या गाणं ध्वनिमुद्रित करून मोबाइलवरून जगाला ऐकवता येतं, त्यामुळे यात काय मोठंसं, असं वाटेल. त्या वेळी स्टुडिओ महाग, कॅसेट काढणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि त्यांचं सगळं गणित सिनेमाच्या गाण्यांवर बेतलेलं. अशा बाजारात इंग्रजीतून गाणाऱ्या मुंबईच्या मुलांनी स्वतःची गाणी विकायला ठेवली, हे धाडसच होतं. १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम आला.

त्याच सुमाराला दोन गोष्टी घडल्या. १९९१ साली भारतात उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एमटीव्ही घराघरांत शिरला. त्याच वर्षी अमेरिकेत निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ निघाला आणि ज्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात ते संगीत जगभर पोचलं. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. चकचकीत पोशाख आणि वेगवान गिटारीची कसरत बाजूला ठेवून मनातलं खरं ते साधेपणाने, प्रसंगी खडबडीतपणे मांडायचं, असा त्याचा कल. आपल्या बँडचं ‘प्रिटी चाइल्ड’ हे गाणं एमटीव्हीवर झळकलं आणि १९९३ साली त्याला या वाहिनीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तोपर्यंत हे संगीत आपल्याकडे बाहेरून येत होतं. आता इथलं गाणं बाहेर ऐकलं जाऊ लागलं.

नाव बदललं तेही १९९३ सालीच. ‘रॉक मशीन’ हे नाव कुठल्याही देशातल्या बँडला चाललं असतं. ‘इंडस क्रीड’मध्ये सिंधू नदी आली, म्हणजे आपण कुठले हे आलं. नावाचं महत्त्व आम्हा रायगडकरांना वेगळं सांगायला नको. १९८१ साली आमच्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. जमीन तीच राहिली, पण आपण स्वतःकडे कुठल्या नजरेने बघायचं ते बदललं. १९९५ साली आलेल्या ‘इंडस क्रीड’ या अल्बममध्ये बँडची चालही बदललेली जाणवते. आधीच्या हार्ड रॉकचा जोश कमी झाला आणि विचार करायला लावणारा सूर आला.

यशाच्या या टप्प्यावर गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं; पण १९९७ साली बँड फुटला. तो काळ हिंदी पॉप अल्बमच्या भरभराटीचा होता. इंग्रजी गाण्यांचं गिऱ्हाईक शहरांतल्या ठरावीक वर्गापुरतं उरत होतं आणि नुसत्या टाळ्यांवर संसार चालत नाही. बेनेगल आणि गांधी अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ या नावाने भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालून पाहिला. २०१० साली बँड पुन्हा उभा राहिला. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे तरुण वादक आले. २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. त्याचं मिश्रण टिम पामर यांनी केलं. अमेरिकेतल्या पर्ल जॅमच्या ‘टेन’ या अल्टरनेटिव्ह रॉकमधल्या गाजलेल्या अल्बमचं मिश्रणही त्यांचंच.

या बँडचा प्रभाव कॅसेट किती खपल्या यावर मोजू नये. त्यांच्यामागून आलेल्यांकडे बघावं. १९९४ साली मुंबईतच ‘पेंटाग्राम’ सुरू झाला. त्याचा गायक विशाल ददलानी, म्हणजे हिंदी सिनेमाच्या विशाल-शेखर जोडीतला. या बँडने रॉकला इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड दिली आणि २००५ साली इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात आपली कला सादर केली. बँडने स्वतःची गाणी वाजवायची असतात, हे या पिढीला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. ती वाट आधीच मळलेली होती.

भाषेचा प्रश्न मात्र इंडस क्रीडला सुटला नाही. उत्तम इंग्रजी गाणं मुंबईच्या खाडीपलीकडे पोचत नव्हतं. तो प्रश्न इतरांनी सोडवला. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०००च्या ‘कांदिसा’ या अल्बममध्ये केरळच्या सिरियन ख्रिस्ती प्रार्थनेला आणि नर्मदाकाठच्या लोकगीताला गिटार-तबल्यावर उभं केलं. पुण्याचा ‘अग्नी’ २००७ साली हिंदी गाणी घेऊन आला. रंगभवन मात्र गेलं. शेजारी रुग्णालयं, कॉलेज, त्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर तिथल्या रात्रीच्या मैफली बंद पडल्या. रुग्णाला शांतता हवीच, यात वाद नाही. पण त्या मंचाच्या तोडीची स्वस्त आणि मध्यवर्ती जागा तरुण वादकांना पुन्हा मिळाली नाही.

आता आमच्या किनाऱ्याकडे येतो. आमच्या मांडवातला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे वाद्य मूळ जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते तयार केलं. आमच्या आगरी-कोळी पोरांनी त्याला वीज जोडली, भोंगा लावला आणि ते असं आपलंसं केलं, की ते जपानचं आहे हे आज कुणाला खरं वाटत नाही. परक्या वाद्याला घरचं करण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही. पण त्यावर वाजतं काय? बहुतेक वेळा गाजलेलं सिनेमाचं गाणं, हुबेहूब. आणि ज्या लग्नात ते वाजतं, त्याच लग्नात पूर्वी धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडत असे. तिचे शब्द इथले, चालही इथलीच. त्या धवलारणी आता कमी होत चालल्या आहेत.

आमच्या वादकांना बोल लावावा, असा माझा हेतू नाही. सुपारी देणारा जे मागेल ते वाजवावं लागतं, तसंच ते रंगभवनच्या मुलांनाही लागत होतं. मला एवढंच म्हणायचं आहे, की दहा मागणीची गाणी झाल्यावर अकरावं आपलं वाजवावं. धवलारणीकडून चाल घ्यावी, शब्द आजचे घालावेत, वाद्य कुठलंही असो. आणि मांडवात बसलेल्या आपण ऐकणाऱ्यांनी, ते अकरावं गाणं सुरू झालं की उठून जेवणाच्या पंगतीकडे जाऊ नये.