जालपटलातील रक्तप्रवाह व हॉर्मोने

जालपटल हे शरीरातील अतिशय जास्त ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊतकांपैकी एक आहे. त्याच्या आतील थरांना मध्यवर्ती जालपटल रोहिणीकडून आणि बाहेरील थरांना रंजितपटलातील वाहिन्यांकडून पोषण मिळते. रंजितपटलातील वाहिन्यांना स्वायत्त तंत्रिकांचा भरपूर पुरवठा असतो. जालपटलातील वाहिन्यांना तो जवळजवळ नसतो. त्यामुळे तेथील रक्तप्रवाहाचे नियमन मुख्यत्वे स्थानिक रासायनिक द्रव्यांकडून होते. रक्तातून येणारी हॉर्मोने या वाहिन्यांवर कितपत परिणाम करतात, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता.

हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याच्या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली व जिवंत माणसाच्या रोहिण्या आणि नीला प्रत्यक्ष दिसू लागल्या. टीगरस्टेट व बेर्गमान यांनी १८९८ मध्ये सशाच्या वृक्काच्या अर्कात रक्तदाब वाढविणारे द्रव्य शोधून त्यास ‘रेनीन’ हे नाव दिले. पुढे रेनिनाच्या क्रियेने अँजिओटेन्सीन हे वाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य निर्माण होते, असे आढळले. अतिरक्तदाबाच्या रोग्यांतील जालपटल-रोहिण्यांच्या अरुंदपणाचे कीथ, वॅगनर व बार्कर यांनी १९३९ मध्ये वर्गीकरण केले. तथापि हे आकुंचन केवळ रक्तातील हॉर्मोनामुळे होत नाही. वाढलेल्या दाबाला वाहिनीची भित्ती स्वतःच प्रतिसाद देते आणि रक्त व जालपटल यांमधील रोध रक्तातील अनेक द्रव्यांना अडवितो.

मधुमेहातील जालपटलविकाराने या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. पोष ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांत मधुमेह सौम्य होतो, हे हौसाय यांनी १९३० च्या सुमारास दाखविले होते. पोउल्सेन यांनी १९५३ मध्ये एका मधुमेही स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर तिची पोष ग्रंथी निकामी झाली होती. पुढे तिचा जालपटलविकार नाहीसा झाला. त्यानंतर लुफ्ट, उलिव्हेक्रोना आदींनी दृष्टी वाचविण्यासाठी रोग्यांची पोष ग्रंथी काढून टाकण्याचा उपाय अवलंबिला. काहींना त्याचा लाभ झाला. परंतु त्यांना जन्मभर इतर हॉर्मोने घ्यावी लागत आणि रक्तशर्करा धोकादायक रीत्या उतरण्याची भीती असे. प्रकाशाच्या साहाय्याने जालपटलाचे किलाटन करण्याच्या पद्धतीचा लाभ १९७६ मध्ये मोठ्या चाचणीने सिद्ध झाला व हा कठोर उपाय मागे पडला.

दरम्यान मायकेलसन यांनी १९४८ मध्येच असे सुचविले होते की, ऑक्सिजनाची उणीव भासणारे जालपटल स्वतःच वाहिन्यांची वाढ घडविणारे विसरणशील द्रव्य निर्माण करते. वाहिनी-अंतःस्तर वृद्धिघटक हे प्रथिन १९८९ मध्ये ओळखले गेले आणि १९९४ मध्ये ते रोग्यांच्या नेत्रद्रवांत वाढलेले आढळले. त्याला रोधणाऱ्या औषधांचे अंतःक्षेपण आज उपचारात रूढ आहे. एंडोथेलीन हे प्रभावी वाहिनी-आकुंचक द्रव्य यानागिसावा व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शोधले. ते जालपटलातही तयार होते. १९८९ मध्ये नेत्रद्रवांत रेनिनाचे पूर्वरूप रक्तातून झिरपण्याने मिळेल त्याहून अधिक प्रमाणात आढळले. त्यामुळे डोळ्याला स्वतःची रेनीन-अँजिओटेन्सीन यंत्रणा असल्याच्या कल्पनेस बळकटी आली. मात्र ही यंत्रणा रोधणाऱ्या औषधांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र होते.

दूरच्या ग्रंथीचा स्राव हेच नियामक, ही मूळ कल्पना अशा रीतीने अपुरी ठरली. जालपटल हे हॉर्मोनांचे केवळ लक्ष्य नसून स्वतःच्या रक्तप्रवाहाचे नियामक ऊतकही आहे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.