कुत्रं कुणाचं? अहमदाबाद १९२६ ते आपलं वर्धा

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत वाचा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले आणि आपल्याकडे चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच विषय झाला. ११ ऑगस्टला कोर्ट म्हणालं, दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचला आणि निवारागृहात ठेवा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. नसबंदी करा, लस द्या, जंताचं औषध द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा. पिसाळलेलं किंवा अंगावर धावणारं मात्र सोडू नका. ७ नोव्हेंबरला पुन्हा आदेश आला की शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवा आणि परत तिथं सोडू नका.

वर्ध्यात वाद कशाचाही असो, गांधीजी मध्ये येतातच. एकजण म्हणे, बापूंच्या जिल्ह्यात मुक्या जनावरावर काठी उगारता, लाज नाही वाटत? दुसरा म्हणे, अहो बापूंनीच कुत्री मारायला परवानगी दिली होती, गूगल करा. दोघांनाही अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते भटक्या कुत्र्यापेक्षा घरात कुत्रं पाळणाऱ्या माणसाबद्दल आहे. म्हणून हा खटाटोप.

१९२६ सालची गोष्ट. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारात मोकाट कुत्र्यांचा उपद्रव झाला होता. त्यांनी साठ कुत्री मारवली. शहर जैन-वैष्णवांचं, जीवदयेच्या परंपरेचं. हलकल्लोळ झाला. अंबालाल गांधीजींकडे गेले, तेव्हा दुसरं काय करता येणार होतं, अशा अर्थाचं काहीतरी गांधीजी बोलले. तिथल्या जीवदया मंडळाने त्यांना पत्र लिहून जाब विचारला: तुम्ही असं खरंच बोललात का? गांधीजींनी मान्य केलं आणि 'यंग इंडिया'त 'इज धिस ह्युमॅनिटी?' नावाची लेखमालाच सुरू केली. १९२६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात ती चालली. शिव्यांची पत्रं आली, लोक भांडायला आश्रमात आले. माणूस मागे हटला नाही.

त्यात त्यांनी अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलचे आकडे छापले. कुत्रं चावल्यावर उपचाराला आलेले लोक १९२५ मध्ये १,११७ आणि १९२६ च्या पहिल्या नऊ महिन्यांत ९९०. म्हणजे हवेतली चर्चा नव्हती.

आता मुद्दा बघा. त्यांचा राग कुत्र्यावर नव्हता. त्यांचं म्हणणं असं की मालक नसलेलं कुत्रं रस्त्यावर फिरतं, हे त्या समाजाच्या आळसाचं लक्षण आहे. दारात उभं राहून भाकरीचा तुकडा फेकायचा आणि पुण्य मिळालं म्हणून घरात जायचं, ही दया नव्हे, भुकेल्या जनावराचा तो अपमान आहे. कुत्र्यावर प्रेम असेल तर त्याला घरी न्या, बांधा, खाऊ घाला, त्याच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी घ्या. नसेल झेपत तर महाजनांनी, पांजरापोळांनी ती घ्यावी. कुत्र्याला मालक असलाच पाहिजे, असा कायदा व्हावा, इथपर्यंत ते गेले. या सगळ्यातलं काहीच होत नसेल तर मारणं हा नाइलाजाचा मार्ग, असंही त्यांनी लिहिलं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण जो माणूस फक्त शेवटचं वाक्य फॉरवर्ड करतो, तो आधीचं सगळं खाऊन टाकतो.

आणि १९२६ साली हाताशी होतं काय, हेही ध्यानात घ्या. पिसाळलेलं कुत्रं चावलं की इलाजाची ठिकाणं मोजकी. हिमाचलातल्या कसौलीची पाश्चर संस्था १९०० ची, तिकडे दक्षिणेत कुन्नूरची १९०७ ची. कसौलीलाच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस केली. आपल्या आज्या ज्याची भीती घालायच्या ती 'पोटात चौदा इंजेक्शनं' म्हणजे हीच. ती लस भारतात जवळजवळ २००५ पर्यंत वापरात होती! आता ती बंद झाली. सरकारी दवाखान्यात दंडावर, कातडीत चार वेळा येऊन लस घ्यायची: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. रक्त निघालं असेल तर जखमेत वेगळं सीरमही लागतं. पण चौदा इंजेक्शनांची दहशत खेड्यात अजून जिवंत आहे. माणसं जखमेवर हळद, चुना, मिरचीपूड चोपडतात आणि घरी बसतात. बावा, ते करू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे.

'कुत्रं कुणाचं' हा प्रश्न त्याहून जुना आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत त्यावरून दंगल झाली होती. सरकारचा उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम, आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे इनाम. इनामाच्या लोभाने लोक घराच्या आवारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी तक्रार झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान, अंत्यविधीतसुद्धा त्याची नजर लागते. पारशी रस्त्यावर उतरले, फोर्टातली दुकानं बंद पडली, शिपाई बोलवावे लागले. गळ्यात पट्टा नाही, दप्तरात नोंद नाही, मग पाळलेलं कोणतं नि मोकाट कोणतं, कोण ठरवणार?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. तिथं साप भरपूर. आश्रमात गेलात तर साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप ठेवायचा पिंजरा अजून बघायला मिळतो. मारायचा नाही, धरायचा आणि दूर नेऊन सोडायचा. शाळेच्या सहलीत पोरं त्याच्याजवळ फोटो काढतात नि पुढे जातात. मला मात्र तो चिमटा फार बोलका वाटतो. अहिंसेसाठी सुद्धा अवजार लागतं, आणि ते चालवायला येणारा माणूस लागतो.

तेच गायीचं. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघाचं काम हाती घेतलं आणि गोपुरीला झोपडीत राहायला गेले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते वारले, म्हणजे आयुष्याचे अखेरचे महिने त्यांनी याच कामाला दिले. संघाचा भर पूजेपेक्षा चारा, पैदास, दूध आणि जनावराच्या तब्येतीवर होता. आपल्या आर्वी-कारंजाकडची गवळाऊ गाय टिकली तीही गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चराई आणि पैदाशीकडे लक्ष दिलं म्हणून. नुसत्या हळदकुंकवाने ती टिकली नसती.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हे आपल्याला अजून उमगलेलं दिसत नाही. लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेली लॅब्राडॉर, पॉमेरियन पिल्लं, त्यातली काही नंतर रस्त्यावर दिसायला लागली, हे शहरात राहणाऱ्या कुणालाही विचारा. मोठं झालं, खर्च वाढला, बदली झाली, की रात्री गाडीत घालून बायपासला सोडून द्यायचं. घरात वाढलेलं कुत्रं, त्याला रस्ता ओलांडायचा माहीत नाही, इतर कुत्री त्याला फाडतात. कुत्री गाभण राहिली की पिल्लं पोत्यात भरून नाल्याकाठी ठेवणारे तर चांगले शिकलेले लोक असतात.

आणि हा गुन्हा आहे बरं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ वाचा. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं, पाळलेल्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, इतकंच काय, कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांत आकडा हलला नाही. पन्नास रुपयांत आज दोन जणांचा नाश्ता होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव जनावराचं लसीकरण, जंतनाशन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं स्पष्ट लिहिलंय. पण मालक कोण हे कुठल्या दप्तरात लिहिलेलंच नसेल, तर जबाबदारी कोणाकडे मागायची?

पाळणं म्हणजे नेमकं काय, हे सांगतो. मीही डॉक्टर मंडळींना विचारून विचारूनच शिकलो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपरची लस, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, पुढे बूस्टर, आणि नंतर दरवर्षी. पार्वोत पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत जातं. ताक पाजत बसू नका. पावसाळ्यात गोचीड बघत जा, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. गोचिडाने ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, आपल्याला वाटतं उन्हाने सुस्तावलंय. कांदा आणि चॉकलेट त्याला विष आहे. आणि वर्ध्याचा मे महिना! पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा टिनाच्या शेडखाली साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे तव्यावर ठेवलेलं कुत्रं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. फिरवायचं तर पहाटे. डांबरावर आपला तळवा ठेवून बघा, पाच सेकंद टिकला नाही तर त्याचे पाय कसे टिकतील?

शेवटचं एक, जे कोणी बोलत नाही. १९२८ मध्ये साबरमतीला एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होतं. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं आणि पुन्हा देशभर टीका ओढवून घेतली. म्हाताऱ्या, कॅन्सर झालेल्या कुत्र्याला 'देवाच्या मर्जीवर' अंगणात कण्हत ठेवण्यापेक्षा पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोला. निर्णय तुमचा, पण तो टाळण्यासाठी त्याला बायपासला नेऊ नका.

आपल्या नगरपालिका-नगरपंचायतींत पाळीव कुत्र्यांची नोंदणी सुरू आहे का, फी किती, लसीचा दाखला मागतात का, हे मी वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) इथं लेखी विचारणार आहे. उत्तरं आली की इथंच टाकतो. तोवर तुमच्या घरच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड काढा आणि रेबीजच्या रकान्यातली तारीख बघा.