कृत्रिम पायाचे पैसे कोण देणार?

गाडीच्या विम्याचा कागद आला की आपण हप्त्याचा आकडा बघतो आणि पैसे भरून मोकळे होतो. त्या कागदावर 'पीआयपी', म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, अशी एक ओळ असते. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली, दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या जेम्स हँगर या अठरा वर्षांच्या मुलाचा पाय तोफगोळ्याने गेला. त्याने पिंपाच्या फळ्या तासून स्वतःसाठी पाय बनवला आणि पुढे तोच धंदा केला. उत्तरेच्या सैनिकांना सरकार १८६२ पासून पायासाठी ७५ आणि हातासाठी ५० डॉलर देऊ लागले. पण लाकूड झिजते, उरलेल्या पायाचा आकारही बदलतो. म्हणून १८७० च्या कायद्याने दर पाच वर्षांनी नवा अवयव किंवा त्याचे पैसे देऊ केले. कृत्रिम पाय एकदा घेऊन भागत नाही, हे तेव्हाच कळले होते.

आपल्या पुण्यातही वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सुरू झाले, तेही दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी. दोन्ही देशांत सैनिकाची सोय आधी झाली. मग अपघातात किंवा मधुमेहाने पाय गमावणाऱ्या साध्या माणसाचे काय?

१९६५ साली मेडिकेअर आले. ठरलेली वजावट भरल्यावर ते कृत्रिम अवयवाच्या मान्य खर्चाचा ८० टक्के भाग उचलते. खाजगी विम्यात मात्र कडक मर्यादा असत. काही पॉलिसींत तर जन्मभरात एकच अवयव! कृत्रिम अवयवांना मेडिकेअरइतके तरी संरक्षण द्या, असा कायदा सर्वांत आधी कोलोरॅडोने २००० साली केला.

आपल्या मिशिगनने निराळी वाट धरली. १ ऑक्टोबर १९७३ पासून इथे 'नो-फॉल्ट' कायदा लागू झाला. चूक कोणाचीही असो, अपघातातल्या जखमांचा वाजवी खर्च विमा कंपनीने जन्मभर, मर्यादेशिवाय द्यायचा. आठ वर्षांच्या मुलाचा पाय गेला, तर तो वाढेल तसा नवा पाय लागणार, आणि मोठेपणीही दर काही वर्षांनी बदलावा लागणार. हा सगळा खर्च त्यात धरलेला होता.

हप्ते मात्र देशात सर्वांत महागड्यांपैकी झाले. लोक वैतागले आणि २०१९ साली कायदा बदलला. जुलै २०२० पासून निवड आपल्यावर आली: अमर्याद, पाच लाख डॉलर, अडीच लाख डॉलर, मेडिकेड किंवा मेडिकेअर असणाऱ्या काहींना त्याहून कमी किंवा अजिबात नाही. २०२१ पासून उपचार करणाऱ्यांना मिळणारे दरही कापले गेले. ११ जून २०१९ पूर्वी जखमी झालेल्यांना ही कपात लागू नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. आपल्यापुढचा प्रश्न पुढच्या अपघाताचा आहे.

अडीच लाख हा आकडा मोठा वाटतो. पण शस्त्रक्रिया आणि इस्पितळातले दिवस त्यातूनच जातात. पाय त्यानंतर येतो, आणि पुन्हा पुन्हा येतो. मर्यादा संपली की भार आरोग्यविम्यावर पडतो, आणि तो नोकरीबरोबर बदलतो.

तेव्हा या दिवाळीत फराळाला सगळे जमाल, तेव्हा पॉलिसी बाहेर काढा. पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्या मुलांनाही बसवा. कोणत्या चौकोनात खूण आहे ते बघा, आणि आरोग्यविम्यात कृत्रिम अवयवांना काय मर्यादा आहे तेही विचारा. कमी रक्कम निवडायची तर निवडा, पण माहीत असून निवडा.