कुत्र्याच्या कानाची बखर

सावध होणे याला आपल्या मराठीत ‘कान टवकारणे’ म्हणतात. माणसाला काही कान टवकारता येत नाहीत. हा वाक्प्रचार आपण जनावरांकडून उसना घेतला आहे. आमच्या टोकावडे परिसरात तर तो कुत्र्याकडूनच घेतला असावा असे वाटते, कारण माळशेजच्या पायथ्याशी बिबट्या वस्तीजवळ आला की प्रथम त्याचेच कान उभे राहतात. ज्या कानावर घरादाराची रात्र निर्धास्त जाते, त्या कानाची आजवर आपण कशी निगा राखली, हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटतो.

टोकावड्यावरून जाणारा रस्ता माळशेज घाट चढून पुढे अहिल्यानगराकडे जातो. त्या जिल्ह्यात प्रवराकाठी दायमाबाद येथे १९७४ साली ताम्रपाषाणयुगातील मूर्तींचा ठेवा सापडला. त्यात बैल जुंपलेला एक रथ आहे आणि त्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. महाराष्ट्राच्या मातीत कुत्रा माणसाच्या इतका जवळ कधीपासून आहे, याची याहून बोलकी साक्ष कोणती? पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण घातले. राजाच्या करमणुकीत कुत्र्याला मानाचे स्थान मिळाले होते.

परंतु मान मिळणे निराळे आणि औषध मिळणे निराळे. हत्तीसाठी पालकाप्याचे शास्त्र होते, घोड्यासाठी शालिहोत्राचे. कारण राज्य त्यांच्या पाठीवर चाले. कुत्र्याच्या वाट्याला भक्ती आणि कथा अधिक आल्या. जेजुरीच्या खंडोबापाशी तो आहे, दत्तात्रेयाच्या पायाशी तो आहे. सातारच्या छत्रपती शाहूमहाराजांचे प्राण त्यांच्या खंड्या कुत्र्याने वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका आहे. त्याची समाधी संगम माहुलीस दाखवतात. मेल्यावर समाधी बांधणारा समाज जिवंतपणी कानातली गोचीड काढीत होता की नाही, हे मात्र कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही!

इंग्रजी अमदानीत कुत्रा सरकारच्या नजरेस आला तो उपद्रव म्हणून. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध १८३२ च्या जूनमध्ये पारशी मंडळींनी दंगा केला, तो इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तथापि त्या काळच्या पशुवैद्यकाचे लक्ष मुख्यतः पलटणीच्या घोड्यांवर आणि बुळकांडीने मरणाऱ्या गुरांवर होते. ते गैर होते असे मी म्हणणार नाही. बैल मेला की शेतकरी बुडे. कुत्रा मेला की दुसरे पिल्लू आणीत.

कानाकडे लक्ष गेले ते कापण्यासाठी. कान कापले की पिल्लू तिखट निघते, ही समजूत आमच्याकडे अजून पुरती गेलेली नाही. वास्तविक तिखटपणाचा कानाच्या पाळीशी काडीमात्र संबंध नाही. जनावराचा अवयव तोडणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याच कानाला २००१ च्या नियमांनी आणखी एक काम दिले. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला ओळखीची खूण करावयाची. म्हणजे कान हा कधी शौर्याचा दाखला, कधी नोंदवहीचे पान. आत डोकावून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

आत पाहिले तर काय दिसते? माणसाच्या कानाची वाट बहुतांशी सरळ असते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. त्यामुळे शिरलेले पाणी आणि साचलेला मळ सहजी बाहेर येत नाही. आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत पाऊस कोसळतो. कुत्रे पडवीत ओलेचिंब झोपते, कानात बुरशी वाढते, त्यात गोचिडी. मग ते डोके झाडते, पायाने कान खाजवते, कानाला आंबूस वास येतो, काळपट मळ दिसतो. डोके झाडून झाडून कधी पाळीत रक्त साकळून ती फुग्यासारखी सुजते. अशा वेळी कोणी रॉकेल ओततो, कोणी गरम तेल. मी हे दोन्ही पाहिले आहे, आणि त्या मुक्या जिवाचे किंचाळणेही ऐकले आहे.

खरा उपाय साधा आहे. कुत्रे भिजून आले की कोरड्या फडक्याने कान पुसावे. आठवड्यातून एकदा पाळी उचलून आत पाहावे, वास घ्यावा. बोटाला कापूस गुंडाळून दिसेल तेवढाच मळ टिपावा. काडी आत घालू नये, तिने मळ अधिकच खोल जातो. वास, पू किंवा दुखणे असल्यास घरचा प्रयोग न करता डॉक्टरला दाखवावे. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे तो आधी पाहतो, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधेच ऐकण्याची शक्ती घालवतात.

मुरबाडला जनावर नेण्याचे भाडे कुत्र्यासाठी कोण खर्चील, असे मला वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले. प्रश्न रास्त होता. भात झोडून हाती येणाऱ्या पैशांत आधी पोरांची वह्या-पुस्तके येतात. मी एवढेच म्हटले, “बाबा, याला ऐकू येईनासे झाले तर रात्री बकऱ्यांपाशी कोण जागेल?” ते काही बोलले नाहीत. त्यांनी कुत्र्याला जवळ ओढले आणि त्याचा कान उलटा करून उजेडाकडे धरला.

राजाचा मान, देवाचा सहवास, सरकारची खूण, हे सारे कुत्र्याला मिळून गेले. त्याला हवी होती ती उजेडाकडे कान धरणारी दोन बोटे. त्यांना खर्च फारसा नाही. आठवड्यातली पाच मिनिटे पुरतात.