ओंडक्याखालची वस्ती

पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला की पाण्याबरोबर मोठमोठे ओंडके वाहत येतात. माहूर परिसरातल्या मुलांना हे दृश्य नवे नाही. त्यांना एक प्रश्न विचारून पाहावा : असा ओंडका समुद्रात पोचला, तर किती काळ तरंगत राहील? या साध्या प्रश्नाशी जीवाश्मशास्त्रातला एक जुना वाद जोडलेला आहे.

हा वाद समुद्रलिलींबद्दलचा. नाव फुलाचे असले तरी समुद्रलिली हा प्राणी आहे, तारामाशाचा नातेवाईक. लांब देठ, त्याच्या टोकाला पेल्यासारखे शरीर आणि त्याभोवती पिसांसारखे बाहू. या बाहूंनी तो पाण्यातले अन्नकण टिपतो. देठ असलेल्या समुद्रलिली आजही खोल समुद्राच्या तळाशी राहतात. मग नामशेष झालेल्याही तशाच राहत असतील, असे आपण सहज गृहीत धरतो.

माहूरच्या खडकांत मात्र त्या सापडणार नाहीत. गड ज्या बेसाल्टवर उभा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पैनगंगेच्या खालच्या अंगाला, वणी-आदिलाबाद भागात, प्राचीन समुद्रातला चुनखडक आहे. पण तो समुद्रलिली अवतरण्याच्या कितीतरी आधीचा. या दोन्हींच्या मधल्या काळाचे आपल्याला हवे असलेले पान जर्मनीत, होल्झमाडेन गावाजवळच्या काळ्या शेल खडकात उघडते. त्याचे वय सुमारे १८ कोटी वर्षे.

या भागातल्या समुद्रलिलीच्या जीवाश्माचे वर्णन हिमर यांनी १७२४ मध्ये केले. बाहूंचा गुंता पाहून त्यांना ग्रीक कथेतल्या मेड्युसाचे सर्पकेशी मस्तक आठवले. पुढे १८३६ मध्ये इंग्लंडच्या विल्यम बकलंड यांनी अशाच समुद्रलिलींचे जीवाश्म लाकडाला जोडलेले पाहिले आणि त्या तरंगत्या लाकडाला धरून राहत असाव्यात, असे सुचवले. होल्झमाडेनच्या हाउफ संग्रहालयात आज या प्राण्यांनी भरलेली सुमारे १८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद फरशी आहे. तिच्यात १२ मीटरचा ओंडका आहे आणि त्याला ‘सायरोक्रायनस’ जातीच्या समुद्रलिलींची दाट वस्ती चिकटलेली आहे.

पण चिकटलेली म्हणजे तरंगणारी, असे सिद्ध होते का? ओंडका आधी बुडाला आणि वस्ती नंतर तळाशी वाढली, असेही घडू शकते. १९७० च्या दशकात काही अभ्यासकांनी अशी शंका घेतली. उलट बाजूचे पुरावे दोन. पहिला, काळा शेल प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या गाळातून बनतो. अशा तळाशी इतकी मोठी वस्ती जगणे अवघड. दुसरा पुरावा देठाचा. १९६८ मध्ये झाइलाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देठाची रचना तपासली. तो भार पेलणारा खांब नसून लोंबकळणारा दोर आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो खरा असेल, तर पुस्तकातले ताठ उभे चित्र उलटेच करावे लागते.

तरीही एक अडचण उरली. समुद्रलिलींना वाढायला वर्षे लागतात. त्यांचे सांगाडे चुन्याचे, म्हणजे जड. शिवाय लाकडात पाणी मुरत राहते. मग वस्ती मोठी होईपर्यंत ओंडका टिकेल का? २०२० मध्ये अ‍ॅरन हंटर आणि सहकाऱ्यांनी लाकडात पाणी मुरण्याचे गणित मांडले. उत्तर आले : १५ वर्षांहून अधिक, कदाचित २० वर्षेही. प्राणी ओंडक्यावर कसे विखुरले आहेत हेही त्यांनी मोजले. ते एका टोकाकडे अधिक होते. बहुधा मागच्या, जिथे पाण्याचा विरोध कमी.

आजचे ओंडके इतके टिकत नाहीत. लाकडी होड्या पोखरणारे, शिंपल्यांच्या कुळातले प्राणी त्यांचा फडशा पाडतात. होल्झमाडेनच्या समुद्रात त्यांचा उपद्रव नव्हता. ते आल्यावर असे तराफे दुर्मिळ झाले असावेत.

वर्गात हा प्रयोग करता येईल. घमेल्यात पाणी घ्या. काडीला दोऱ्याचे तुकडे बांधून प्रत्येकाच्या टोकाला लहान मणी अडकवा आणि काडी हळूहळू ओढा. दोरे कुठे झुकतात, कोणत्या टोकाचे कमी ओढले जातात, हे मुलांनाच टिपू द्या. नंतर विचारा : दगडात चपटा झालेला प्राणी पाहून त्याची वरची बाजू कोणती, हे कशावरून ठरवाल? तीनशे वर्षे शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झगडत आले आहेत.