तग धरण्याचा हिशेब

नागपूर जिल्ह्यातले गाव वाईट वर्षात स्वतःच्या बळावर तग धरू शकत होते का? हा प्रश्न जुन्या कागदांना आडूनच विचारावा लागतो.

पहिला कागद रेजिनाल्ड क्रॅडॉक यांचा. त्यांनी जिल्ह्याची जमीनमहसुलाची आकारणी केली १८९० ते १८९५ या काळात. अहवाल छापून निघाला १८९९ मध्ये. ही साले वेगवेगळी लक्षात ठेवावीत, पुढे कामी येतात. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची प्रतवारी आणि तीवरून ठरणारा सारा, असा हा हिशेब. गावाची ताकद येथे मोजली आहे, पण ती सरकारला देण्याची. पेवात किती धान्य शिल्लक होते, हा या आकारणीचा प्रश्नच नव्हता.

आता शिरगणती. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५८ हजार, १९०१ मध्ये सुमारे ७ लाख ५२ हजार. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊनही घट जेमतेम एक टक्का! येथेच समाधान मानले, तर खरा दुवा हातचा जातो. इंपीरियल गॅझेटिअरच्या १९०८ च्या नोंदीनुसार जन्मांपेक्षा मृत्यू अधिक झाले ते १८९४ ते १८९७ आणि १९०० या वर्षांत. पावसाने दगा दिला १८९६ मध्ये. मग १८९४ कसे? मध्य प्रांतात त्याआधीची काही वर्षे अवेळी पाऊस आणि तांबेरा यांनी गहू बुडत होता. म्हणजे आकारणीचे काम चालू असतानाच घसरण लागलेली होती. येथवर आधार आहे. दुष्काळ आला तेव्हा पेवे आधीच रिकामी झाली असावीत, हे मात्र अनुमान. १८६७ पासून नागपूरला रेल्वे होती, धान्य बाहेर जायला वाट मोकळी होती, त्यामुळे ते संभवनीय वाटते. पण मृत्यूंच्या आकड्यांत पटकी आणि तापही मिसळलेले असतात. रमेशचंद्र दत्तांनी १९०० साली लॉर्ड कर्झनला लिहिलेल्या जाहीर पत्रात मध्य प्रांतातल्या जादा साऱ्यावर बोट ठेवले. ते एका पक्षाची बाजू मांडत होते, एवढी वजावट करूनच ती साक्ष घ्यावी.

गावाला स्वतःच्या गरजा भागवता येतील का, हे थेट तपासणारा कागद चाळीस वर्षांनी येतो. वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष होते. पाहणीत ६०६ गावे होती. ती साऱ्या प्रांतातली, म्हणून तिचे निष्कर्ष एकट्या नागपूरला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण येथे सारा बाजूला पडतो आणि घाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद पुढे येतात. अहवाल १९३९ चा. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि ज्यांनी ही पाहणी करवून घेतली होती तेच सत्तेबाहेर गेले.